अमेरिका मुसलमानांच्या विरोधात आहे का? गल्फच्या बँकेत सत्तावीस वर्षं बसून जे दिसलं ते

प्रश्न असा आलाय की अमेरिका मुसलमानांच्या विरोधात आहे असं सगळे म्हणतात, मग सौदी, कतार, यूएई हे तिचे दोस्त कसे, आणि तिकडचा साधा माणूस अमेरिकेवर एवढा का चिडलेला असतो, गल्फमध्ये राहिलेल्या कुणीतरी नीट सांगा. विचारणारी मुलगी टीवायबीएला आहे, पॉलिटिकल सायन्स घेतलंय. तर सांगतो. मी प्रोफेसर नाही, डिप्लोमॅट तर नाहीच नाही. १९९२ ला फोर्टमधली बँकेची नोकरी सोडून बहारीनला गेलो, ९९ ला दुबईला, आणि २०१९ ला गाशा गुंडाळून डोंबिवलीला परत. एवढी सगळी वर्षं ट्रेड फायनान्स, म्हणजे एलसी उघडायच्या (कागद बरोबर असतील तर पैसे देऊ अशी बँकेची लेखी हमी), बीएल म्हणजे जहाजाची मालपावती आणि इनव्हॉइस तपासायचे, पैसे इकडचे तिकडे पाठवायचे. कंटाळवाणं काम आहे. पण अमेरिकेची फॉरेन पॉलिसी म्हणून जी गोष्ट टीव्हीवर दिसते ना, ती आमच्याकडे सकाळी साडेआठला कॉम्प्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातायत का बघणाऱ्या विभागाच्या ईमेलमधून यायची आणि दहा वाजेपर्यंत कुणाचे तरी पैसे अडकलेले असायचे.

सरळ उत्तर आधी देऊन टाकतो. अमेरिका मुसलमानांच्या विरोधात नाहीये. बाजूनेही नाहीये. तिचा व्यवहार असतो खुर्चीवर जो बसलाय त्याच्याशी, आणि त्याने तेल, डॉलर, इस्रायल आणि लष्करी तळ या चार गोष्टींत आडवं येऊ नये एवढंच बघितलं जातं. तो निवडून आलाय का, बायकांना गाडी चालवू देतो का, हे सगळं नंतर, भाषणापुरतं. खुर्चीखालच्या जनतेला या व्यवहारात कुणी विचारतच नाही, बिल मात्र तिच्या नावावर फाडलं जातं. राग आहे तो त्या बिलाचा.

२०१७ आठव जरा. जानेवारीत ट्रम्पने सात देशांच्या लोकांना अमेरिकेत यायला बंदी घातली, इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया, येमेन, सगळे मुसलमान बहुसंख्य. लोक म्हणाले बघा, मुस्लिम बंदी. आणि मे महिन्यात हाच माणूस पहिल्या परदेश दौऱ्याला कुठे गेला तर रियाधला, तलवारीच्या नाचात डोलला आणि शस्त्रांचे करार करून आला. ११ सप्टेंबरच्या एकोणीस जणांत पंधरा सौदी होते, पण त्या सातांच्या यादीत सौदी नव्हता. आणि अगदी ताजं बघ, सीरियाचा अहमद अल शरा, ज्याच्या डोक्यावर अमेरिकेनेच एक कोटी डॉलरचं बक्षीस लावलेलं होतं, तो दमास्कसच्या खुर्चीवर बसला, डिसेंबर २०२४ मध्ये बक्षीस मागे घेतलं गेलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये साहेब व्हाइट हाउसमध्ये पाहुणे. खुर्ची बदलली की फाइल बदलते. बँकेत हेच असतं, फक्त आमच्याकडे केवायसी परत करावी लागते.

उलटं उदाहरण हवं असेल तर कोसोवो. अल्बेनियन मुसलमानांचा छोटा देश, १९९९ ला अमेरिकेच्या पुढाकाराने नाटोने ७८ दिवस सर्बियावर बॉम्ब टाकले ते यांना वाचवायला, आणि आज प्रिस्टिना शहरात बिल क्लिंटनच्या नावाचा रस्ता आहे, त्याच रस्त्यावर त्याचा पुतळा आहे. मुसलमान देशच ना हा पण? म्हणून 'मुस्लिम जग' हा शब्द मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. कुवेती माणसाची अमेरिका वेगळी, इराण्याची वेगळी, बगदादच्या माणसाची तर वेगळीच.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो, कारण हे पुस्तकात सहसा नीट सांगत नाहीत.

समज, वाशीच्या एका व्यापाऱ्याने दुबईच्या दुकानदाराला माल विकला. पैसे डॉलरमध्ये. तुला वाटेल दुबईच्या बँकेने मुंबईच्या बँकेला पाठवले, संपलं. तसं होत नाही. दोन्ही बँकांची डॉलरची खाती असतात न्यूयॉर्कमध्ये, कुठल्यातरी मोठ्या बँकेत, त्याला आम्ही नॉस्ट्रो म्हणतो, आणि पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात ते तिथे. म्हणजे माल दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरला, विकणारा भारतीय, घेणारा इराणी नाहीतर पाकिस्तानी, अमेरिकेचा त्यात काडीचा संबंध नाही, पण डॉलर क्षणभर का होईना न्यूयॉर्कच्या उंबऱ्यावरून जातो, आणि उंबऱ्याच्या आत अमेरिकेचा कायदा. त्यांच्या अर्थखात्यात ओफॅक म्हणून एक ऑफिस आहे, ते यादी काढतं, माणसं, कंपन्या, बँका, जहाजं. यादीतल्या नावाशी जुळणारं काही दिसलं की सॉफ्टवेअर थांबवतं, त्याला हिट म्हणायचं. फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने सुदान, इराण आणि क्युबाचे डॉलर असेच फिरवून दिले होते तर २०१४ मध्ये तिला जवळजवळ नऊशे कोटी डॉलरचा दंड झाला. फ्रेंच बँक, अमेरिकेच्या बाहेरचे गिऱ्हाईक, आणि दंड अमेरिकेचा. त्या दिवसानंतर गल्फमधल्या बँकांनी जी धास्ती घेतली ती अजून उतरलेली नाही.

एक हिट मी स्वतः हाताळलेला सांगतो. मुंबईच्या एका पार्टीने शारजाच्या सुपरमार्केटला चहापत्ती पाठवली, साधी आसामची चहापत्ती, दुधात उकळायची. पाकिटावर आणि इनव्हॉइसवर लिहिलेलं 'इराणी चहा'. झालं. न्यूयॉर्कहून मेसेज, मालाचा इराणशी संबंध काय, उत्पादक कोण, मूळ देश कोणता, खुलासा करा. आता मी बसलोय दुबईत रात्री आठ वाजता आणि न्यूयॉर्कच्या कुठल्यातरी पंचवीस वर्षांच्या पोराला समजावतोय की बाबा रे, मुंबईत शंभर वर्षांपूर्वी इराणहून पारशी धर्माची माणसं आली, त्यांनी कोपऱ्याकोपऱ्यावर हॉटेलं काढली, संगमरवरी टेबलं, ब्रून मस्का, आणि त्या हॉटेलच्या चहाला आम्ही इराणी म्हणतो, यात इराणवर राज्य करणाऱ्या अयातुल्लांचा काही हात नाही. तीन वेळा लिहिलं. शेवटी सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, चहा बोर्डाचा कागद सगळं पाठवल्यावर अकराव्या दिवशी पैसे सुटले. ऑफिसात सगळे हसले, मीही हसलो. पण हीच गोष्ट ज्याच्या नावातच हुसेन किंवा अली आहे, त्याच्याबरोबर दर महिन्याला होते. आमच्या विभागात खेडकडचा एक कोकणी मुसलमान होता, आम्ही त्याला भाईच म्हणायचो, माझ्याहून दोन वर्षं सीनियर. त्याचं नाव असं की यादीतल्या कुणाशी तरी अर्धवट जुळायचं. स्वतःच्या बहिणीला मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी पैसे पाठवायचे तर स्वतःच्याच विभागाकडे स्वतःचा खुलासा लिहून द्यायचा. "मी मीच आहे, हे मी लिहून देतो," असं म्हणायचा आणि सही करायचा.

आणि औषधं. इराणला जाणाऱ्या औषधांना कायद्याने निर्बंधांतून सूट होती, धान्यालाही होती, अमेरिका हे नेहमी छातीठोक सांगते आणि ते कागदावर खरंच आहे. पण बँकेच्या बाजूने बघ. औषधाच्या एका शिपमेंटवर कमिशन मिळणार पाचसहाशे डॉलर, आणि चूक झाली तर दंड कोटींत. कुठला मॅनेजर करेल? आमच्या वरच्या साहेबाने सांगितलं होतं, परवानगी आहे हे मला माहितीये, तरी नको. कुणी बंदी घातली नाही आणि कुणी पाठवलंही नाही. आता तेहरानमध्ये ज्याच्या आईला औषध मिळत नाही त्याने ओफॅकचा अपवाद कलम वाचून शांत बसावं, अशी अपेक्षा वॉशिंग्टनमधले लोक खरोखर करतात, हे मला कधी कळलं नाही.

दुबईच्या देरा भागात माझं एक जुनं गिऱ्हाईक होतं, सुक्यामेव्याचा व्यापारी, मूळ इराणमधल्या शिराझचा, पिस्ते, केशर, मनुका. क्रीकच्या धक्क्यावर लाकडी लाँची लागतात ना, फ्रिज, टायर, बिस्किटांचे खोके असं काहीही लादून इराणच्या बंदर अब्बासला जातात, त्यातल्या दोन लाँचींत याचा हिस्सा होता. हा माणूस अमेरिकेबद्दल बोलायला लागला की १९५३ पासून सुरू करायचा. दर वेळी. मोसाद्देक नावाचा त्यांचा पंतप्रधान होता, त्याने १९५१ मध्ये इंग्रजांच्या ताब्यातलं तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं, तर ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयए आणि इंग्रजांच्या गुप्तहेर खात्याने पैसे वाटून, मोर्चे काढून त्याला खाली खेचला आणि पळून गेलेल्या शाहला, म्हणजे त्यांच्या राजाला, परत आणून बसवला. मोसाद्देक तीन वर्षं तुरुंगात आणि उरलेलं आयुष्य नजरकैदेत राहिला, १९६७ ला गेला, घरातच पुरला त्याला. सीआयएच्या स्वतःच्या कागदांत याची सरळ कबुली बाहेर आली ती २०१३ मध्ये, साठ वर्षांनी.

आणि अमेरिकन माणसाला इराण विचार, तो १९७९ पासून सुरू करतो. ४ नोव्हेंबर, तेहरानची एम्बसी, ५२ माणसं ४४४ दिवस ओलीस, डोळ्याला पट्ट्या बांधलेले फोटो. तेही खरंच आहे, भयंकर होतं ते, एम्बसीच्या लोकांना धरणं हे कुठल्याच नियमात बसत नाही. पण पोरांनी एम्बसीच का धरली? कारण त्याच्या थोडे दिवस आधी शाहला उपचारासाठी अमेरिकेत घेतलं होतं, आणि ५३ चा डाव जिथून हलवला गेला ती हीच एम्बसी, म्हणजे परत तेच होणार असं त्यांना वाटलं. पहिलं पान फाडलेलं पासबुक घेऊन दोघं भांडतायत. ओपनिंग बॅलन्सच वेगळा, मग टोटल कशी जुळणार?

या शिराझवाल्याचे घरचे बंदर अब्बासहून दुबईला विमानाने यायचे, अर्ध्या तासाचा प्रवास. ३ जुलै १९८८ ला तेच विमान, इराण एअर ६५५, अमेरिकेच्या विन्सेन्स नावाच्या युद्धनौकेने लढाऊ विमान समजून पाडलं. २९० माणसं. त्यात दहा भारतीय होते, हे आपल्याकडे किती जणांना माहितीये? अमेरिकेने १९९६ ला नुकसानभरपाई दिली, चूक कबूल न करता, आणि त्या नौकेच्या कॅप्टनला मधल्या काळात त्या नेमणुकीतल्या सेवेबद्दल पदक मिळालेलं होतं. शिराझवाला म्हणायचा, पैसे दिले ते ठीक आहे, पदक कशाला दिलं.

बरं, अमेरिका कायम अशीच होती का, तर नाही, आणि हा भाग मला बँकर म्हणून फार आवडतो. १९५६ ला इजिप्तचा अध्यक्ष नासर याने सुवेझ कालवा ताब्यात घेतला, तर इंग्रज, फ्रेंच आणि इस्रायल तिघं मिळून इजिप्तवर चालून गेले. अमेरिकेचा अध्यक्ष आयसेनहॉवर. त्याने गोळी झाडली नाही. पाउंड गडगडत होता, इंग्रजांना नाणेनिधीकडून पैसे हवे होते, अमेरिकेने सांगितलं आधी सैन्य मागे घ्या मग बघू. घेतलं मागे, मुकाट्याने. म्हणजे डॉलरने नाक दाबायची कला पहिल्यांदा एवढ्या जोरात वापरली गेली ती एका अरब मुसलमान देशाच्या बाजूने आणि लंडनच्या विरोधात! बहारीनला आमच्याकडे एक म्हातारा इजिप्शियन अकाउंटंट होता, तो आयसेनहॉवरचं नाव असं घ्यायचा जसं आपल्याकडे जुनी माणसं टिळकांचं घेतात. मग पुढे म्हणायचा, त्यानंतर आलेले सगळे दुकानदार.

दुकानदारी मात्र त्याच्याही आधीची आहे. १४ फेब्रुवारी १९४५, सुवेझ कालव्यातल्या ग्रेट बिटर लेकमध्ये क्विन्सी नावाच्या अमेरिकन युद्धनौकेवर रुझवेल्ट आणि सौदीचा राजा अब्दुलअझीझ भेटले. राजा मेंढ्या सोबत घेऊन आला होता, ताजं मटण लागतं म्हणून. त्याचे पाय दुखायचे, तर रुझवेल्टने आपली जास्तीची व्हीलचेअर त्याला देऊन टाकली. सौदीत तेल १९३८ ला लागलेलं, काढणारी कंपनी अमेरिकन. तिथून जे जमलं ते आजतागायत चालू आहे, तुम्ही तेल द्या, आम्ही तुमचं रक्षण करू. त्याच भेटीत आणि नंतर एप्रिलमध्ये पत्र लिहून रुझवेल्टने राजाला शब्द दिला होता की पॅलेस्टाइनबद्दल अरबांना विचारल्याशिवाय काही करणार नाही. पत्रानंतर आठवड्याभरात रुझवेल्ट वारला, आणि १९४८ ला इस्रायल जाहीर झाल्यावर ट्रुमनने अकरा मिनिटांत मान्यता दिली. राजाने तेल बंद केलं नाही. गल्फच्या चहाच्या टपरीवर बसलेला पॅलेस्टिनी हे दोन्ही भाग सांगतो, अमेरिकेचा शब्दही आणि राजाचं गप्प बसणंही.

पॅलेस्टाइनचा विषय निघालाच आहे तर. बाकी सगळ्या गोष्टींवर मुसलमान देशांतल्या लोकांची मतं वेगवेगळी ऐकली मी, पण या एका गोष्टीवर मोरोक्कोचा ड्रायव्हर आणि इंडोनेशियाची नर्स एकच बोलतात. अमेरिका इस्रायलला दर वर्षी ३८० कोटी डॉलरची लष्करी मदत देते, २०१६ च्या करारानुसार, दहा वर्षांसाठी. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने जे केलं ते अमानुष होतं, त्यावर माझ्या मनात शंका नाही. पण त्यानंतर गाझामध्ये जे झालं ते अख्ख्या जगाने मोबाइलवर बघितलं, आणि सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव अमेरिकेने परत परत व्हेटो केले तेही बघितलं. आणि मग सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायलने कतारच्या राजधानीत, दोहामध्ये, हल्ला केला. ज्या कतारने अल उदैदला अमेरिकेला त्या भागातला सगळ्यात मोठा तळ दिलाय, त्या कतारमध्ये. त्याच्या आधी जूनमध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्दो, नतान्झ, इस्फहानवर बॉम्ब टाकले तर दुसऱ्या दिवशी इराणची क्षेपणास्त्रंही आली ती त्याच अल उदैदवर. म्हणजे अमेरिकेचा मित्र होऊन एका उन्हाळ्यात दोन्हीकडून मार. गल्फच्या शेखांनी त्यातून काय हिशोब मांडला असेल ते तूच बघ, अभ्यास तुझा चालू आहे.

तळावरून बहारीन आठवलं. मनामामध्ये जुफेर भागात अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं ठाणं आहे, मी राहायचो तिथून चालत पंधरा मिनिटं. गोरी पोरं जीन्स घालून पिझ्झा खायला यायची, अतिशय सभ्य, दार धरून उभी राहणार, थँक्यू म्हणणार. त्यांच्यावर कुणाचा राग नव्हता. २०११ च्या फेब्रुवारीत तिथल्या लोकांनी, बहुतेक शिया, पर्ल चौकात ठाण मांडलं, लोकशाही द्या म्हणाले, जे अमेरिका सगळ्या जगाला सांगत असते तेच. १४ मार्चला सौदीचं सैन्य पुलावरून आत आलं, आंदोलन मोडलं, आणि चार दिवसांनी चौकातलं ते मोत्याचं स्मारकसुद्धा पाडून टाकलं. पाचशे फिल्सच्या नाण्यावर त्याचं चित्र होतं तर नाणंही चलनातून गेलं. अमेरिकेने चिंता व्यक्त केली. आरमार जिथे होतं तिथेच राहिलं. माझ्याकडे ते एक नाणं आहे, उगाच ठेवलंय. आणि त्याच्या दोन वर्षांनी इजिप्तमध्ये निवडून आलेल्या अध्यक्ष मोर्सीला लष्कराने हटवलं तेव्हा ओबामा सरकारने 'लष्करी बंड' हा शब्द वापरायचा टाळलं, कारण तो शब्द वापरला की त्यांच्याच कायद्याने इजिप्तची दर वर्षीची १३० कोटी डॉलरची लष्करी मदत बंद करावी लागते. शब्दाचे पैसे असतात, हे एलसीवाल्याला कुणी शिकवायला नको.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणशील काका एकतर्फी लिहितात. तिथल्या राज्यकर्त्यांना अमेरिकेवरचा राग फार सोयीचा पडतो. वीज गेली अमेरिका, गहू महागला अमेरिका. नोव्हेंबर १९७९ मध्ये मक्केच्या मशिदीवर सौदीतल्याच कट्टर लोकांनी कब्जा केला, अफवा उठली की यामागे अमेरिका आहे, आणि दुसऱ्या दिवशी इस्लामाबादची अमेरिकन एम्बसी जाळली गेली, माणसं मेली. ज्या गोष्टीत अमेरिकेचा खरंच काही हात नव्हता तिच्यासाठी. आणि त्याच पाकिस्तानचा लष्करशहा झिया दोन महिन्यांत अमेरिकेकडे सौदा करायला बसला, रशिया अफगाणिस्तानात शिरला होता त्याच्याशी लढायच्या नावावर, कार्टरने चाळीस कोटी डॉलर देऊ केले तर म्हणाला हे तर शेंगदाणे झाले. कार्टरचा धंदाच शेंगदाण्याच्या शेतीचा होता, म्हणजे टोमणा बरोबर बसला. रेगन आल्यावर मग पोतीच्या पोती आली, आयएसआयच्या हातून, आणि त्यातून काय उगवलं ते काश्मीरमध्ये आपणही भोगलं. पुढे लादेनला शोधायला सीआयएने अबोटाबादमध्ये लसीकरणाच्या नावाखाली एका डॉक्टरला वापरलं, ते फुटल्यावर पोलिओचे डोस पाजणाऱ्या बायकांवर लोक उठले. लादेन मिळाला हे बरंच झालं. पण त्या पोलिओवाल्या बायकांचा हिशोब कुठल्या फाइलमध्ये टाकायचा?

इराकवर थोडक्यात, त्यावर सगळ्यांनी लिहिलंय. २००३ ला जी महासंहारक अस्त्रं शोधायला गेले ती सापडली नाहीत. माझ्या मते त्यापेक्षा मोठी घोडचूक म्हणजे मे महिन्यात अमेरिकेने इराकवर नेमलेला कारभारी ब्रेमर याने दोन हुकूम काढून सद्दामच्या बाथ पक्षाची माणसं सरकारातून हाकलली आणि सगळं सैन्य बरखास्त केलं. काही लाख माणसं, शस्त्र चालवायला शिकलेली, एका सहीने बेकार. एवढी माणसं एकदम काढायची तर साधी गिरणीसुद्धा संपाची तयारी ठेवते.

आणि अमेरिकाही एक नाही हं. २००६ चं दुबई पोर्टचं प्रकरण माझ्या टेबलावरून गेलेलं आहे, म्हणजे त्याची किरकोळ कागदपत्रं. दुबई सरकारची बंदरं चालवणारी कंपनी डीपी वर्ल्ड, तिने इंग्रजांची पी अँड ओ कंपनी विकत घेतली, तिच्याकडे जगभरची टर्मिनलं होती, त्यात सहा अमेरिकन बंदरांतली कामं. बुश म्हणाला काही हरकत नाही, दुबई आपली दोस्त आहे, कुणी आडवं आलं तर व्हेटो करेन. आणि अख्खी काँग्रेस उठली, अरबांच्या हातात बंदरं? एका समितीत ६२ विरुद्ध २ मतं पडली, बुशच्याच पक्षाची माणसं विरोधात. डीपी वर्ल्डने माघार घेऊन ती अमेरिकन कामं विकून टाकली. त्या वेळी आमच्या ऑफिसातल्या अमिरातींची तोंडं बघण्यासारखी झाली होती, पंधरा वर्षं तुमच्या युद्धनौका आमच्या जेबेल अलीला येतात, त्या आम्हीच लावून घेतो, आणि तुमच्या बंदरात क्रेन चालवायला आम्ही दहशतवादी? गंमत म्हणजे त्याच सौद्यात न्हावा शेव्याचं पी अँड ओवालं टर्मिनलही डीपी वर्ल्डकडे आलं. उरणच्या पोरांना नोकऱ्या, कंटेनर आपले चढतायत उतरतायत, कुणी एक मोर्चा काढला नाही.

आपल्याकडे अनेकांना अमेरिकेने तिकडे बॉम्ब टाकला की बरं वाटतं, व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतंच. त्यांना मी फक्त तेलाचं सांगतो. इराण आपल्याला तेल उधारीवर द्यायचा, भाडं कमी, आणि मंगळूरची रिफायनरी त्या तेलावर चालायची. डिसेंबर २०१० ला रिझर्व्ह बँकेने एशियन क्लिअरिंग युनियनचा, म्हणजे आशियातल्या देशांनी आपसांत हिशोब मिटवायचा, रस्ता बंद केला, मग पैसे जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका बँकेतून गेले, ते बंद झाल्यावर तुर्कस्तानच्या हाल्कबँकेतून, आणि २०१२ ला कोलकात्याच्या युको बँकेत रुपयांचं खातं उघडलं, पंचेचाळीस टक्के पैसे तिथे रुपयांत जमा करायचे आणि इराणने त्या रुपयांत आपला बासमती, चहा, औषधं घ्यायची. त्याच वर्षी जुलैपासून युरोपने इराणी तेलाच्या टँकरचा विमा बंद केला, तर सरकारला स्वतः विम्याचं कव्हर उभं करावं लागलं. एवढ्या उड्या मारल्या आपण. २०१५ ला इराणचा अमेरिका आणि इतर बड्या देशांशी अणुकरार झाला, सगळं सुरळीत, आणि ८ मे २०१८ ला ट्रम्प त्यातून बाहेर पडला, इराणने करार मोडला असं निरीक्षक कुणी म्हणत नसताना. मे २०१९ ला इराणचं तेल घ्यायला अमेरिकेने आपल्याला दिलेली सवलतही संपली आणि आपण इराणचं तेल घेणं थांबवलं. भारत काही मुसलमान देश नाही. बिल आपल्यालाही आलं.

आणि १९९० विसरू नकोस, तेव्हा तुझा जन्म व्हायचा होता. सद्दामने कुवेत गिळलं, एक लाख सत्तर हजारांच्या वर भारतीय अम्मानहून विमानांनी मुंबईला आणले, त्यात आपली कोकणातली कितीतरी माणसं. मी फोर्टच्या काउंटरला होतो, कुवेती दिनारच्या जुड्या घेऊन माणसं यायची, वीस वर्षांची कमाई, आणि त्या नोटांना कुणी विचारत नव्हतं. भाईचा चुलता त्यातलाच. पुढच्या फेब्रुवारीत अमेरिकेने कुवेत सोडवलं आणि तो चुलता परत गेला, नोकरी परत मिळाली, मेला तोपर्यंत त्याच्या खोलीत थोरल्या बुशचा फोटो होता. भाई त्याच घरातला, त्याच्या तोंडून बुश नाव आलं की शिवी ठरलेली, पण ती धाकट्याला. एका घरात दोन बुश. तुला पेपरात 'मुस्लिम जगताची प्रतिक्रिया' असा प्रश्न आला तर हे घर आठव.

शिराझवाल्याचं राहिलं. २०१४ ला त्याच्या मुलीला अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत अ‍ॅडमिशन मिळालं, व्हिसाही मिळाला, आणि विद्यार्थ्यांच्या फीला निर्बंध लागू नाहीत हे मी स्वतः नियम काढून त्याला दाखवलं. पैसे पाठवले. रेमिटन्सच्या फॉर्ममध्ये मुलीचं जन्मस्थान शिराझ. हिट. खुलासा, पासपोर्टची कॉपी, अ‍ॅडमिशनचं पत्र, बापाच्या दुकानाचं लायसन्स, परत खुलासा. एकोणीस दिवसांनी पैसे पोचले आणि तोवर युनिव्हर्सिटीने पंचाहत्तर डॉलर लेट फी लावलेली. तो काउंटरला आला, पावती समोर ठेवली आणि म्हणाला, हे पंचाहत्तर डॉलर मी कुणाकडून क्लेम करायचे, तुमच्याकडून, ओफॅककडून का थेट ओबामाकडून? मी म्हटलं अर्ज लिहून द्या, पुढे पाठवतो. त्याने खरंच लिहिला, फारसीत सुरुवात केली, मग खोडून इंग्रजीत. खाली तारीख घातली ती १९ ऑगस्ट. मी म्हटलं अहो आज तेवीस आहे. म्हणाला माहितीये, मोसाद्देकला एकोणीसला काढला होता, राहू द्या तीच.

आमच्या साहेबाने तो अर्ज तारीख चुकीची म्हणून परत केला.